पंडिता रमाबाई : नम्रता आणि त्यागाचे जीवन



आपल्या पत्रिकेच्या प्रत्येक अंकात एका थोर व्यक्तीची ओळख करून देण्याची प्रथा आहे. या अंकासाठी पंडिता रमाबाईंचे जीवन निवडले आहे. शारदा सदन कोणी स्थापन केले, या सामान्य ज्ञानाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून रमाबाईंचे नाव आपल्या मुलामुलींना माहीत असते. परीक्षेत एक गुण मिळतो आणि विषय संपतो. पण एवढ्या मोठ्या जीवनाला एक गुण फार थोडा झाला.

रमाबाई हिंदू घरात जन्मल्या आणि पुढे ख्रिस्ती झाल्या. आपल्या गावातील बहुतेक घरे वारकरी, महानुभाव, बौद्ध किंवा अन्य परंपरेची आहेत. मग ख्रिस्ती स्त्रीचे चरित्र आपण का वाचावे, असे कोणी विचारू शकेल. त्याचे उत्तर सरळ आहे. चांगले जीवन कोणत्याही धर्मातले असो, ते सगळ्यांसाठी असते. नम्रता आणि स्वतःला चिमटा बसेल असे दान हे ख्रिस्ती जीवनाचे दोन खांब मानले जातात. आपल्या संतांनीही हेच शिकविले. रमाबाईंनी हे दोन गुण कसे जगून दाखविले, ते पाहणे म्हणजे आपल्याच घरातली शिकवण दुसऱ्या दारातून पाहणे आहे.

आणखी एक कारण आहे. रमाबाईंच्या जीवनातले सर्वात मोठे काम ज्या दुष्काळातून उभे राहिले, तो दुष्काळ मध्य प्रांतातला होता. आपला छिंदवाडा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतात होता आणि आज पांढुर्णा जिल्ह्यात असलेली पांढुर्णा व सौंसर ही गावे त्याच छिंदवाड्यात होती.

जंगलातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या जंगलात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित होते. तरुणपणी ते पुण्यात शिकत होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत. स्त्री संस्कृत शिकू शकते, हे त्यांनी तेथे पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे, असे ठरविले. त्या काळी हे फार मोठे धाडस होते. नातेवाईक आणि शास्त्री मंडळी नाराज झाली. शेवटी अनंतशास्त्री पत्नी लक्ष्मीबाईंना घेऊन जंगलात राहायला गेले आणि तेथे आश्रम बांधून शिकवू लागले.

आश्रमात यात्रेकरू येत, विद्यार्थी येत. कोणालाही उपाशी परत पाठवायचे नाही, हा अनंतशास्त्रींचा नियम होता. अतिथींना जेवू घालता घालता त्यांची सर्व मिळकत संपली. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाला आश्रम सोडावा लागला. तान्ह्या रमाबाईंना वेताच्या मोठ्या पेटीत ठेवून डोंगरावरून खाली आणले गेले. तेव्हापासून या कुटुंबाची तीर्थयात्रा सुरू झाली. देवळात पुराण सांगायचे, जी दक्षिणा मिळेल तिच्यावर निर्वाह करायचा आणि पुढच्या तीर्थाला निघायचे.

रमाबाईंना शिकविले ते आईने, तेही पहाटे, घरकाम सुरू होण्याआधी. पुस्तके फारशी नव्हती, म्हणून सगळे पाठ करावे लागे. लहान वयातच त्यांना भागवत पुराण मुखोद्गत झाले होते.

भुकेची ओळख

१८७४ ते १८७७ या काळात दक्षिण भारतात मोठा दुष्काळ पडला. पुराण ऐकणारे लोकच उपाशी होते, तर दक्षिणा कोण देणार? कुटुंबाने आधी दागिने विकले, मग चांगले कपडे, मग भांडी. मोलमजुरीची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज वाटत होती. जंगलातला पाला आणि रानफळे खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, नंतर आई गेली, नंतर मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

दोघे बहीणभाऊ अनेक वर्षे पायी फिरले. दक्षिणेपासून पंजाब-काश्मीरपर्यंत आणि तेथून बंगालपर्यंत त्यांनी हजारो मैल चालून काढले. अंगावर पुरेसे कपडे नव्हते. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून ते झोपत.

मुलांनो, हा भाग नीट लक्षात ठेवा. पुढे रमाबाईंनी जे केले, त्याचे मूळ येथे आहे. भूक काय असते, हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते.

सभेतला मान

१८७८ साली हे बहीणभाऊ कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे ऐकून तेथील विद्वान चकित झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ज्या काळात बहुतेक स्त्रियांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्या काळात हा मान मिळाला. ठिकठिकाणी त्यांची व्याख्याने होऊ लागली.

एवढा मान मिळाला की माणूस बहुधा तेथेच थांबतो. शाल, श्रीफळ, टाळ्या आणि पुढच्या सभेचे आमंत्रण यात उरलेले आयुष्य सुखाने जाते. रमाबाईंचे आयुष्य मात्र थांबू दिले गेले नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोघांची जात वेगळी होती, त्यामुळे समाजाने दोघांनाही दूर केले. १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीने पतीचे निधन झाले. तेवीस वर्षांच्या वयात रमाबाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती.

त्या काळातल्या विधवेची स्थिती आजच्या मुलींना सांगूनही पटणार नाही. केशवपन, एक वेळचे जेवण, घराच्या कोपऱ्यातले आयुष्य. त्यातल्या कित्येकींचे वय आठ-दहा वर्षांचे असे. त्या वयात आज आपल्या मुली तिसरी-चौथीच्या वर्गात बसतात.

पुणे आणि इंग्लंड

१८८२ साली रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी त्यांना साथ दिली. त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी कमिशनला सांगितले.

स्वतः डॉक्टर व्हावे, या इच्छेने १८८३ मध्ये त्या लहान मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. पुस्तकाच्या विक्रीचा पैसा प्रवासाला उपयोगी पडला. पण त्यांना ऐकू कमी येत होते, म्हणून वैद्यकीय शिक्षण होऊ शकले नाही. वाँटेज येथील मठात त्या राहिल्या. तेथील भगिनींनी त्यांना लंडनमधील एक आश्रम दाखविला. समाजाने वाळीत टाकलेल्या, चुकीच्या मार्गाला लागलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळत असे. चांगल्या घरच्या शिकलेल्या स्त्रिया त्यांची सेवा करीत होत्या, त्यांना शिकवीत होत्या, आजारपणात उशाशी बसत होत्या. ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही त्यांच्यासाठी हे लोक एवढे का करतात, असा प्रश्न रमाबाईंना पडला. तेव्हा त्यांना येशू ख्रिस्ताची आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. वाळीत टाकलेल्या एका स्त्रीशी येशू विहिरीजवळ आदराने बोलले, अशी ती गोष्ट आहे. रमाबाईंच्या मनावर तिचा खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथे नम्रतेबद्दल एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. नम्र माणूस म्हणजे मान खाली घालून होय म्हणणारा माणूस, असा आपला समज असतो. रमाबाई तशा नव्हत्या. धर्माच्या बाबतीत जे पटत नसे, ते त्यांनी मठातल्या वडीलधाऱ्यांनाही स्पष्ट कळविले. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असा आक्षेप बिशपांनी घेतला, तेव्हा तो त्यांनी मुकाट्याने मान्य केला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आपल्या देशातल्या बहिणींना कळेल अशी अक्षरे का नसावीत, असेही त्यांनी विचारले. पोशाख भारतीय ठेवला, जेवण शाकाहारी ठेवले. आपल्या मोठेपणासाठी भांडायचे नाही, पण दुर्बळांच्या आणि सत्याच्या बाजूने उभे राहायचे, ही त्यांची नम्रता होती.

शारदा सदन

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. भारतातल्या बालविधवांची स्थिती सांगणारे इंग्रजी पुस्तक त्यांनी १८८७ साली प्रसिद्ध केले. गावोगाव व्याख्याने दिली. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे मदत करण्याचे तिने कबूल केले. त्यांनी बालवाडीची नवी पद्धतही तेथे शिकून घेतली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. सुरुवातीला मोजक्याच विद्यार्थिनी होत्या. गोदूबाई ही त्यांच्यातली पहिली विधवा. याच गोदूबाईंचा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्वे यांनी नंतर विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले आणि १९५८ मध्ये ते भारतरत्न झाले. एका मुलीला शाळेत जागा दिली तर ती गोष्ट कुठवर जाते, याचे हे उदाहरण आहे.

१८९० मध्ये सदन पुण्याला आले. १८९३ च्या सुमारास मोठा वाद झाला. सदनात धर्माबद्दल तटस्थता राहील, असे लोकांना सांगितले गेले होते आणि मुलींना जातीचे नियम पाळण्याची सोयही होती. पण रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसत. मुलींना ख्रिस्ती केले जाईल, अशी भीती पालकांना वाटली. वृत्तपत्रांत कडक टीका झाली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात पालकांची काळजी खोटी नव्हती, विश्वासाने पाठविलेल्या मुलींचा प्रश्न होता. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपल्या घरात आपण दार लावून प्रार्थना का करावी आणि कोणी स्वतः येऊन बसले तर त्याला हाकलून का द्यावे? दोन्ही बाजू आज शांतपणे वाचता येतात. पण ज्या शहराने डोक्यावर घेतले होते, त्याच शहरात त्या एकट्या पडल्या, एवढे खरे. मान गेला आणि काम मागे उरले. त्यांनी काम धरून ठेवले.

मध्य प्रांताचा दुष्काळ

१८९६ साली मध्य प्रांतात पाऊस दगा देऊन गेला. पिके करपली. १८९७ मध्ये तर गावेच्या गावे रस्त्यावर आली. सरकारने अन्नछत्रे आणि दुष्काळी कामे काढली, पण गर्दी अफाट होती. माणसे खडी फोडत फोडत पडत होती.

बातम्या वाचून रमाबाई अस्वस्थ झाल्या. वीस वर्षांपूर्वीचा आपला दुष्काळ त्यांना आठवला. हिशोब केला तर जाणे शक्य नव्हते. अमेरिकेतून येणारा पैसा शारदा सदनाच्या विधवांसाठी होता, दुष्काळग्रस्तांसाठी नव्हता. दहा वर्षांची मुदतही संपत आली होती. पुण्यात जागा अपुरी होती. एखाद्या शहाण्या विश्वस्ताने त्यांना थांबण्याचाच सल्ला दिला असता आणि तो व्यवहाराच्या दृष्टीने चूक ठरला नसता.

तरी त्या निघाल्या. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी दुष्काळी छावण्या आणि अनाथांची ठिकाणे पाहिली. मुले हाडांचे सापळे झाली होती. त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे, एकट्या पडलेल्या तरुण मुलींना भाकरीच्या आमिषाने फसवून नेणारे लोक तेथे फिरत होते. रमाबाईंनी मुलींना गोळा करायला सुरुवात केली. या वेळी जात विचारली नाही. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते, पण भुकेल्या पोरीची जात काय विचारायची? अशा तीनशेहून अधिक मुली आणि स्त्रिया त्यांनी आणल्या.

या मुली आजारी होत्या, अंगावर जखमा होत्या, केसांत उवा होत्या. कित्येकींना ताटात बसून जेवायची सवय राहिली नव्हती. अन्न दिसले की झडप घालीत, चोरून लपवून ठेवीत. त्यांना न्हाऊ घालणे, जखमा धुणे, हळूहळू जेवायला शिकविणे, हे काम कोण करणार? रमाबाईंनी केले. त्यांच्या सोबतीला शारदा सदनातल्या जुन्या विद्यार्थिनी पुढे आल्या. ज्या मुलींना काही वर्षांपूर्वी स्वतःच्या घरात अपशकुनी म्हणून हिणविले होते, त्या आता दुसऱ्यांच्या मुलींच्या आई झाल्या.

येशू ख्रिस्तांनी शेवटच्या रात्री आपल्या शिष्यांचे पाय स्वतः धुतले, अशी कथा आहे. गुरूने शिष्याचे पाय धुवावेत, ही ख्रिस्ती नम्रतेची खूण मानली जाते. विद्वानांच्या सभेने सरस्वती म्हटलेली स्त्री दुष्काळी मुलींच्या जखमा धुते, ही तीच कथा आपल्या प्रांतातल्या मुलींच्या बाबतीत पुन्हा घडलेली आहे.

केडगावची मुक्ती

त्याच वेळी पुण्यात प्लेग आला होता. एवढ्या नव्या मुलींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर केडगाव येथे रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. अमेरिकेची मदत थांबली तर सदनाला उत्पन्न असावे, म्हणून तेथे फळझाडे लावली होती. संत्र्याच्या आपल्या भागात हे वेगळे समजावून सांगायला नको. झाड लावले तर फळ यायला काही वर्षे जातात आणि तोवर पाणी घालणाऱ्याला विश्वास ठेवावा लागतो.

त्या माळरानावर तंबू आणि झोपड्या टाकून मुलींना ठेवण्यात आले. विहिरी खोदल्या. हळूहळू पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदनाचे उद्घाटन झाले. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातपर्यंत पसरला. रमाबाईंनी पुन्हा माणसे पाठवून मुली आणल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीत सुमारे दोन हजार मुली आणि स्त्रिया होत्या. दोन हजार! आपल्या परिसरातल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी ही वस्ती होती आणि तिला रोज दोन वेळ जेवण लागत होते.

हे सारे नुसत्या भिक्षेवर चालविण्याचा रमाबाईंचा विचार नव्हता. प्रत्येक मुलीने अक्षर शिकावे आणि हाताने एखादा धंदाही शिकावा, असा नियम होता. विणकाम, शिवणकाम, शेती, दुभती जनावरे, तेलघाणी, छपाई, पुस्तकबांधणी अशी कामे मुली करीत. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली आणि टोपल्या विणण्यासारखी कामे दिली. घेणाऱ्याला कायमचे घेणारा ठेवायचे नाही, त्यालाही देण्याजोगे करायचे, हे त्यांच्या दानाचे वैशिष्ट्य होते.

मुलगी मनोरमा अमेरिकेत शिकून परत आली आणि तिने आपले आयुष्य आईच्या कामाला दिले. शारदा सदनाची जबाबदारी तिने सांभाळली.

मुक्तीच्या कामाबरोबर रमाबाईंचा स्पष्टपणाही कायम होता. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहिले. सरकार नाराज होईल, याची पर्वा केली नाही.

पांडित्य बाजूला ठेवून

आयुष्याच्या शेवटच्या पंधरा-अठरा वर्षांत रमाबाईंनी एक मोठे काम हाती घेतले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करायचे होते. त्यासाठी त्या उतारवयात या दोन्ही भाषा शिकल्या. मराठी बायबल त्याआधीही होते, पण त्यातली भाषा संस्कृत वळणाची आणि जड होती. मुक्तीतल्या साध्या, खेड्यातल्या बायकांना ती कळत नसे.

आता विचार करा. संस्कृत ही रमाबाईंची जणू मातृभाषा. अवघड समास आणि मोठमोठे शब्द वापरून विद्वानांना थक्क करणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी उलटे केले. पाणी भरणाऱ्या, जाते ओढणाऱ्या बाईला समजेल असा शब्द त्या शोधीत बसल्या. ज्या संस्कृतमुळे नाव झाले, ते संस्कृतच त्यांनी बाजूला ठेवले. पैसा सोडणे कठीण असते. पण ज्यामुळे लोक आपल्याला मोठे म्हणतात, ते सोडणे त्याहूनही कठीण. आम्हा शिक्षकांनी तर हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. कठीण शब्द बोलले की वर्ग गप्प बसतो, पण गप्प बसणे म्हणजे समजणे नव्हे.

या बायबलची छपाईसुद्धा मुक्तीच्याच छापखान्यात झाली. खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या आणि पाने बांधणाऱ्या स्त्रिया मुक्तीतल्याच होत्या. दुष्काळातून आलेल्या मुलींच्या हातांनी ग्रंथ तयार झाला.

अखेरचे दिवस

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. तोवर त्यांची प्रकृती खालावली होती. आपल्यामागे मनोरमा काम पाहील, अशी आशा होती. पण जुलै १९२१ मध्ये मनोरमेचेच निधन झाले. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाईंनी हे दुःखही सहन केले आणि भाषांतराचे काम चालू ठेवले. भाषांतर त्यांनी पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झाले. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

आपण काय घ्यावे?

बायबलमध्ये एका गरीब विधवेची गोष्ट आहे. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत लोक मोठमोठ्या रकमा टाकीत होते. एका विधवेने दोन लहान नाणी टाकली. येशूंच्या मते तिचे दान सगळ्यांहून मोठे होते, कारण इतरांनी उरलेल्यातून दिले आणि तिने आपल्या पोटातून दिले. रमाबाईंकडे पैसा कधीच फार नव्हता. त्यांनी मान दिला, विद्या दिली, सुख दिले, मुलगी दिली. म्हणून त्यांचे देणे मोठे.

आपल्या शाळेचाही पाया अशाच देण्यावर उभा आहे. कोणी जागा दिली, कोणी पंखा दिला, कोणी कापसाच्या हंगामात यथाशक्ती वर्गणी दिली. पंख्यावर आणि पाटीवर नाव असते, त्यात गैर काही नाही. नाव पाहून दुसऱ्याला द्यावेसे वाटते. पण काही देणी अशी असतात की त्यांची पाटी लावता येत नाही. त्यांचीच आज शाळेला जास्त गरज आहे.

पालकहो, आजूबाजूच्या लहान गावांतल्या किती तरी मुली आठवीनंतर किंवा दहावीनंतर घरी बसतात. कारण शाळा दूर असते, बस वेळेवर नसते आणि संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत घरी हात कमी पडतात. अशा मुलीला परीक्षेच्या महिन्यात आपल्या घरात आपल्या मुलीसोबत ठेवून घेता येईल का? तिच्या वडिलांशी, काकांशी एकदा बोलता येईल का? यात पैसा थोडा लागतो, पण गैरसोय मात्र होते. आपल्या ताटातली एक भाकरी आणि आपल्या खोलीतला एक कोपरा द्यावा लागतो.

विश्वस्त मंडळींना विनंती आहे की, अशा मुलींची यादी सत्र सुरू होताच शिक्षकांकडून मागवावी आणि मदत देताना त्या मुलीला मंचावर उभे करू नये. घेणाऱ्याची मान खाली जाईल, असे देणे अर्धेच देणे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही देता येते. जुनी पुस्तके फाडू नका, पुढच्या कक्षेतल्या मुलासाठी जपून ठेवा. गणित येत असेल तर ज्याला येत नाही त्याच्याजवळ बसा आणि त्याला कळेल अशा सोप्या शब्दांत सांगा. पहिला नंबर आला तर आनंद जरूर माना, पण मागच्या बाकावरच्या मुलाला त्याचा त्रास होऊ देऊ नका. घरी आईच्या हातातले एक काम न सांगता उचला आणि ते केल्याचे कोणाला सांगू नका.

दुष्काळ आज त्या रूपात येत नाही. पण शाळेच्या दारापर्यंत येऊन परत जाणारी एक मुलगी आजही आपल्या आसपास आहे. रमाबाईंनी त्या तीनशे मुलींना आणायला जाण्याआधी पैसा मोजला असता तर त्या गेल्याच नसत्या. आपल्याला तीनशे नाहीत, एकच शोधायची आहे. या सत्रात प्रत्येक मोहल्ल्याने एक मुलगी शोधून शाळेत परत आणावी, एवढीच विनंती आहे.

— प्राचार्य, सावरगाव